मालवण किनारपट्टीवरील कायदा-साक्षरता आणि धर्मादाय अनुदान : न्यायसुलभतेच्या संदर्भात एक विवेचन

सारांश :

मोफत विधी सहाय्य ही राज्यसंस्थेची घटनात्मक जबाबदारी आहे. परंतु हे सहाय्य मागण्यासाठी नागरिकाला आपल्या हक्काची आणि त्या हक्काच्या मुदतीची जाणीव असावी लागते. ही जाणीव निर्माण करणाऱ्या लोककेंद्री विधी शिक्षणास पैसा कोण देतो, कोणत्या कायद्याखाली देतो आणि त्या पैशाबरोबर कोणती बंधने येतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण किनारपट्टीच्या संदर्भात केले आहे. विधी शिक्षण हा एकदा करावयाचा खर्च नसून आवर्ती खर्च आहे, आणि अनुदानाची रचना त्यानुसार बदलली पाहिजे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : विधी सेवा, कायदा-साक्षरता, सार्वजनिक न्यास, अनुदान, सागरी किनारा नियमन, पारंपरिक मच्छीमार.

१. प्रस्तावना :

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ८,४९,६५१ असून साक्षरतेचे प्रमाण ८५ टक्क्यांहून अधिक आहे. अक्षरओळखीच्या दृष्टीने हा जिल्हा मागासलेला नाही. तथापि अक्षर-साक्षरता आणि कायदा-साक्षरता या दोन भिन्न बाबी होत. वर्तमानपत्र वाचू शकणाऱ्या व्यक्तीला किनारा नियमनाची अधिसूचना समजतेच असे नाही. आणि ती समजली तरी आक्षेप कोणत्या कार्यालयात, किती दिवसांत व कोणत्या नमुन्यात नोंदवावा हे ठाऊक असतेच असे नाही. न्याय मिळण्यातील पहिला अडथळा न्यायालयाच्या दाराशी नसतो; तो त्याच्या कितीतरी अलीकडे, माहितीच्या अभावात असतो.

हा अभाव दूर करण्याचे काम शासन, न्यायसंस्था, स्वयंसेवी संस्था आणि महाविद्यालये आपापल्या परीने करतात. या कामाचा उल्लेख भाषणांतून व अहवालांतून वारंवार होतो. मात्र त्याच्या अर्थकारणाची चर्चा क्वचितच होते. ती करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. लेखासाठी अधिनियम, अधिसूचना, न्यायनिर्णय व प्रकाशित अहवाल या दुय्यम साधनांचा आधार घेतला असून पद्धती वर्णनात्मक व विश्लेषणात्मक आहे.

२. संकल्पनांचे स्पष्टीकरण :

'विधी सहाय्य' या शब्दाखाली व्यवहारात तीन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली, कायद्याची माहिती : हक्क कोणता, कार्यालय कोणते, मुदत किती. दुसरी, विधी सल्ला : अमुक व्यक्तीने तिच्या अमुक परिस्थितीत काय करावे. तिसरी, प्रतिनिधित्व : तिच्या वतीने न्यायालयात किंवा प्राधिकरणासमोर उभे राहणे. माहिती शिक्षक, विद्यार्थी अथवा प्रशिक्षित विधी स्वयंसेवक देऊ शकतो. प्रतिनिधित्व मात्र अधिवक्ता अधिनियम, १९६१ अन्वये नोंदणी झालेल्या वकिलाचेच काम आहे; न्यायालयाच्या विशेष परवानगीचा अपवाद सोडला तर त्यात इतरांना स्थान नाही. पूर्णवेळ वेतनावर असलेल्या प्राध्यापकाला वकिली करता येत नाही, हेही येथे लक्षात घ्यावे लागते.

हा भेद अनुदानाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. माहितीचा खर्च तुलनेने अल्प, परंतु सतत चालणारा असतो. प्रतिनिधित्वाचा खर्च एका प्रकरणापुरता, परंतु मोठा व अनिश्चित असतो. दोन्हींसाठी एकच अनुदान आणि एकच हिशेबपत्रक ठेवले, की एखाद्या मोठ्या खटल्यात संपूर्ण रक्कम खर्ची पडते आणि गावोगावचे शिक्षण थांबते. 'लोककेंद्री विधी शिक्षण' ही संज्ञा या लेखात पहिल्या प्रकारासाठी व दुसऱ्या प्रकाराच्या प्राथमिक टप्प्यासाठी वापरली आहे.

३. ऐतिहासिक व घटनात्मक पार्श्वभूमी :

महाराष्ट्रात या कार्याची सुरुवात लोकांच्या वर्गणीतून झाली, शासकीय निधीतून नव्हे. २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने आणि 'सार्वजनिक काका' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गणेश वासुदेव जोशी यांनी खर्चिक न्यायालयांना पर्याय म्हणून लवाद न्यायालयांचा प्रयोग केला. १९२४ मध्ये मुंबईत विधी सहाय्यासाठी 'बॉम्बे लीगल एड सोसायटी' ही स्वतंत्र संस्था स्थापन झाली. कोकणात कायद्याविषयीची जाणीव जमिनीच्या प्रश्नातून रुजली. खोती पद्धती नष्ट करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. प्रत्यक्ष निर्मूलनाचा कायदा १९४९ मध्ये झाला. कूळ आणि खोत यांच्या संघर्षात ज्याच्याकडे कागद होता आणि तो वाचता येत होता त्याची बाजू वरचढ ठरत असे, ही कोकणातील जुन्या पिढीची स्मृती आहे.

स्वातंत्र्यानंतर या विषयाला घटनात्मक अधिष्ठान लाभण्यास पाव शतकाहून अधिक काळ लागला. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ समाविष्ट झाला आणि आर्थिक वा अन्य असमर्थतेमुळे कोणाही नागरिकास न्यायाची संधी नाकारली जाऊ नये, यासाठी मोफत विधी सहाय्य पुरविण्याचे निदेशक तत्त्व राज्यावर आले. हुसैनारा खातून (१९७९) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे सहाय्य अनुच्छेद २१ शी जोडले. सुक दास (१९८६) प्रकरणात, आरोपीने अर्ज केला नाही एवढ्या कारणावरून त्याला विधी सहाय्य नाकारता येणार नाही असे ठरले. कारण ज्याला हक्काची माहितीच नाही तो अर्ज करणार कसा, हा प्रश्न न्यायालयाने विचारात घेतला. अर्थात कायदा-साक्षरता ही विधी सहाय्याची पूर्वअट आहे, ही बाब न्यायालयीन स्तरावर तेव्हापासून मान्य आहे.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ हा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अंमलात आला. त्याच्या कलम १२ अन्वये महिला, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, अभिरक्षेतील व्यक्ती आणि सामूहिक आपत्तीचे बळी यांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा मिळू शकते. अन्य व्यक्तींसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नमर्यादा तीन लाख रुपये आहे. मच्छी विकणाऱ्या महिलेला केवळ ती महिला आहे म्हणून हा हक्क आहे. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळासारख्या आपत्तीत होडी व जाळी गमावलेल्या मच्छीमाराला आपत्तीचा बळी या नात्याने तो मागता येतो.

४. मालवण किनारपट्टी : गरजेचे स्वरूप

सिंधुदुर्गास सुमारे १२० किलोमीटरचा सागरकिनारा लाभला असून देवगड, मालवण व वेंगुर्ला हे त्याचे तीन किनारी तालुके होत. मालवण तालुक्यात आचरा, तोंडवळी, सर्जेकोट, तारकर्ली, देवबाग अशी गावे मासेमारी व अलीकडे पर्यटन यांवर उपजीविका करतात. येथील सामान्य कुटुंबाच्या दैनंदिन व्यवहाराला कायद्यांचे किती पदर आहेत, हे पाहिले म्हणजे विधी शिक्षणाची गरज ध्यानी येते.

पहिला पदर मासेमारीचा. किनाऱ्यावरून सामूहिकरीत्या ओढली जाणारी रापण ही या किनाऱ्यावरील पारंपरिक पद्धती होय. यांत्रिक ट्रॉलर, पुढे पर्ससीन जाळी आणि त्यानंतर एलईडी दिव्यांच्या साहाय्याने होणारी मासेमारी यांमुळे रापणकर व यांत्रिक मासेमार यांच्यात संघर्ष होत आला आहे. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ हा या संघर्षाचे नियमन करणारा मूळ कायदा. राज्य शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीन मासेमारीवर क्षेत्र, हंगाम व परवाने यांची बंधने घातली. २०१७ मध्ये केंद्र शासनाने एलईडी दिव्यांच्या मासेमारीस मनाई केली. २०२१ च्या सुधारणेने दंडाच्या रकमा वाढविल्या आणि अवैध मासेमारीच्या प्रकरणांत निर्णय देण्याचे अधिकार तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे आणले.

दुसरा पदर किनाऱ्याचा. सागरी किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ मध्ये, दुसरी ६ जानेवारी २०११ रोजी आणि तिसरी १८ जानेवारी २०१९ रोजी निघाली. २०११ च्या अधिसूचनेने मालवण आणि आचरा-रत्नागिरी या पट्ट्यांचा समावेश अतिसंवेदनशील किनारी क्षेत्रांत केला व २०१९ मध्येही तो कायम राहिला. २०१९ च्या अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्याचे लोकसंख्येच्या घनतेनुसार दोन वर्ग केले : दर चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक घनता असेल तेथे ना-विकास क्षेत्र भरतीरेषेपासून ५० मीटर, अन्यत्र २०० मीटर. स्थानिक रहिवाशाला आपल्या अस्तित्वातील घराचे जोते व दर्शनी स्वरूप न बदलता पर्यटकांसाठी घरगुती निवासव्यवस्था करण्याची मुभाही तिने दिली. तारकर्ली-देवबागच्या एखाद्या कुटुंबासाठी या एका तरतुदीचे ज्ञान म्हणजे उपजीविकेचा प्रश्न आहे. याच अधिसूचनांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय समितीत पारंपरिक किनारी समुदायांचे किमान तीन प्रतिनिधी असावेत अशी तरतूद केली आहे. ती ठाऊक नसेल तर प्रतिनिधित्व मागणार कोण?

तिसरा पदर संवर्धनाचा. १३ एप्रिल १९८७ रोजी घोषित झालेले मालवण सागरी अभयारण्य २९.१२ चौरस किलोमीटरचे आहे. अभयारण्यामुळे मासेमारीच्या हक्कांवर काय परिणाम होतो, याविषयीच्या साशंकतेतून स्थानिकांचा विरोध दीर्घकाळ राहिला. कांदळवनांबाबत मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ रोजी दिलेला निर्णय राज्यभर लागू आहे. कांदळवनाभोवती ५० मीटरचे संरक्षित क्षेत्रही त्यात अभिप्रेत आहे. हा निर्णय एका धर्मादाय संस्थेच्या, बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अ‍ॅक्शन ग्रुपच्या, जनहित याचिकेवर झाला, ही बाब प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने उल्लेखनीय होय.

चौथा पदर जमिनीचा. चाकरमान्यांच्या या जिल्ह्यात एका सात-बाऱ्यावर अनेक सहहिस्सेदारांची नावे असतात. त्यांतील कित्येक मुंबईत, तर काहींच्या वारसनोंदीच झालेल्या नसतात. किनाऱ्यावरील जमिनीला पर्यटनामुळे मूल्य आल्यावर या जुन्या सामायिक नोंदीच वादाचे मूळ ठरतात. विशेषतः विवाहित मुलींच्या हक्कसोडपत्रांवर घेतल्या जाणाऱ्या सह्या हा कायदा-साक्षरतेचा अत्यंत संवेदनशील विषय आहे.

५. मुदतीचा प्रश्न आणि ज्ञानाचे कालबाह्य होणे :

वरील तपशिलातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला मुदतीसंबंधी. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियम, २०१० च्या कलम १६ अन्वये पर्यावरण मंजुरीविरुद्धचे अपील तीस दिवसांत करावे लागते; पुरेसे कारण असल्यास आणखी साठ दिवस मिळू शकतात, त्यापुढे नाही. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यमापन अधिसूचनेनुसार जनसुनावणीपूर्वी किमान तीस दिवसांची सूचना द्यावी लागते. या तीस दिवसांत सूचना वाचणे, अहवाल मिळविणे, तो समजून घेणे आणि लेखी हरकत देणे ही सारी कामे व्हावयाची असतात. वाद उद्भवल्यावर संस्था अनुदानासाठी प्रस्ताव पाठवील, दाता तो मंजूर करील आणि मग शिबिर होईल, तोवर मुदत सरलेली असते. म्हणून विधी शिक्षण हे वादाच्या आधी पोहोचले पाहिजे, आणि त्यासाठीचा निधी वादाच्या आधी उपलब्ध असला पाहिजे.

दुसरा निष्कर्ष ज्ञानाच्या टिकाऊपणासंबंधी. २०१८ मध्ये छापलेली एखादी माहितीपुस्तिका गृहीत धरू. तीत अवैध मासेमारीचे प्रकरण तहसीलदारांपुढे चालते असे असणार. २०२१ नंतर ते चुकीचे ठरले. किनारा नियमनाबाबत २०११ ची अधिसूचना उद्धृत केलेली असणार. २०१९ मध्ये तिची जागा नव्या अधिसूचनेने घेतली. फौजदारी तक्रारीसाठी भारतीय दंड संहितेची कलमे दिलेली असणार. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. उच्च न्यायालयासाठी मुंबईचा पत्ता असणार. १८ ऑगस्ट २०२५ पासून सिंधुदुर्गाची प्रकरणे मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर येथील सर्किट बेंचकडे गेली. मालवणहून मुंबई सुमारे पाचशे किलोमीटर, तर कोल्हापूर सुमारे दीडशे. म्हणजे हा बदल पक्षकाराच्या हिताचाच आहे, पण त्याला तो कळला तर. सहा-सात वर्षांत पुस्तिकेची चारही प्रकरणे कालबाह्य झाली. शाळेची इमारत एकदा बांधली की कित्येक वर्षे टिकते. कायद्याची माहिती तशी टिकत नाही. इमारतीच्या धर्तीवर दिलेले एकवेळचे अनुदान या कामास अपुरे पडते ते याच कारणाने.

६. अनुदानाचे विद्यमान स्रोत व त्यांच्या मर्यादा :

(अ) विधी सेवा प्राधिकरणांचा निधी : १९८७ च्या अधिनियमात अनुदानाचे दोन्ही दिशांचे प्रवाह आहेत. कलम ४ अन्वये राष्ट्रीय प्राधिकरण कायदा-साक्षरतेसाठी उपाय योजते, स्वयंसेवी समाजसेवी संस्थांना विशिष्ट योजनांसाठी सहायक अनुदान देऊ शकते आणि तळागाळात काम करणाऱ्या संस्थांचे सहकार्य मिळविण्याचे विशेष प्रयत्न करणे हे त्याचे कर्तव्य आहे. उलट दिशेने, कलम १७ अन्वये जिल्हा विधी सहाय्य निधीत कोणाही व्यक्तीला राज्य प्राधिकरणाच्या पूर्वमान्यतेने देणगी देता येते. न्यायालयाच्या आदेशाने प्राप्त होणाऱ्या रकमाही याच निधीत जमा होऊ शकतात. गावातील एखादे मंडळ, मच्छीमार सहकारी संस्था अथवा मुंबईस्थ चाकरमानी यांना हा मार्ग खुला आहे, याची कल्पना फारच थोड्यांना असते.

तथापि शासकीय निधी मुळातच तुटपुंजा आहे. टाटा न्यासांच्या पुढाकाराने २०१९ मध्ये सुरू झालेल्या 'इंडिया जस्टिस रिपोर्ट'च्या २०२५ च्या आवृत्तीनुसार देशात विधी सहाय्यावरील दरडोई वार्षिक खर्च सुमारे सहा रुपये होता आणि २०१९ ते २०२४ या काळात विधी स्वयंसेवकांची संख्या ३८ टक्क्यांनी घटली. याच अहवालमालिकेच्या २०१९ व २०२० च्या आवृत्त्यांत मोठ्या राज्यांमध्ये महाराष्ट्राचा क्रम पहिला होता. म्हणजे तुलनेत आघाडीवर असणे आणि गरजेइतके असणे यांत अंतर आहे. अन्य कायद्यांतही हाच अनुभव येतो. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याचे (२००५) कलम ११ आणि बालकांच्या लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याचे (२०१२) कलम ४३ शासनावर प्रसिद्धीची जबाबदारी टाकतात. माहितीचा अधिकार अधिनियमाचे कलम २६ लोकशिक्षणाची गोष्ट करते, परंतु उपलब्ध साधनसंपत्तीच्या मर्यादेत. कर्तव्य लिहिले गेले. तरतूद मात्र मर्यादेवर सोडली गेली.

(आ) सार्वजनिक न्यास : महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ९ मध्ये दारिद्र्य वा आपत्तीचे निवारण, शिक्षण, वैद्यकीय मदत आणि सार्वजनिक उपयुक्ततेचे अन्य कोणतेही उद्दिष्ट यांचा धर्मादाय प्रयोजनांत समावेश आहे. विधी शिक्षण यांपैकी कशात मोडते? वरवर पाहता 'शिक्षण' असे उत्तर सुचते. परंतु करविषयक कायद्यात ते टिकत नाही. लोकशिक्षण ट्रस्ट (१९७५) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 'शिक्षण' म्हणजे पद्धतशीर अध्यापन असा मर्यादित अर्थ लावला. १९ ऑक्टोबर २०२२ च्या न्यू नोबल एज्युकेशनल सोसायटी प्रकरणातील निर्णयाने औपचारिक अध्यापनाचा हा अर्थ दृढ झाला. साहजिकच मच्छी बाजारातील कायदा-मार्गदर्शन 'सार्वजनिक उपयुक्तता' या सदरात जाते, आणि त्या सदरात व्यापारी स्वरूपाच्या जमेवर एकूण जमेच्या वीस टक्क्यांची मर्यादा येते. हेच काम केवळ गरिबांपुरते व विनामूल्य ठेवल्यास 'गरिबांना साहाय्य' या सदराखाली त्याची मांडणी करता येते. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर अधिनियम, २०२५ लागू झाला असला तरी ही विभागणी मूलतः कायम आहे. न्यासपत्र लिहितानाच हा विचार होणे इष्ट ठरते.

याच संदर्भात एक तुलना उद्बोधक आहे. न्यास अधिनियमाच्या कलम ४१-अअ आणि २००६ च्या उच्च न्यायालयीन योजनेमुळे धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. विधी सहाय्याबाबत धर्मादाय संस्थांवर असे कोणतेही बंधन नाही. मात्र कलम ५५ अन्वये एखाद्या न्यासाचे मूळ उद्दिष्ट असाध्य झाले किंवा शिल्लक रक्कम वापरात येत नसेल, तर न्यायालयाच्या निर्देशाने ती अन्य धर्मादाय कार्याकडे वळविता येते. कोकणातील विनावापर पडून असलेल्या जुन्या निधींच्या संदर्भात ही तरतूद अभ्यासण्यासारखी आहे.

(इ) कंपन्यांचा सामाजिक उत्तरदायित्व निधी : कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार १ एप्रिल २०१४ पासून पात्र कंपन्यांनी सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावयाची आहे. अनुसूची सातमध्ये शिक्षण व विषमता निवारण आहे. न्यायसुलभतेचा स्वतंत्र उल्लेख नाही. शिवाय ज्या किनाऱ्यावर उद्योग व पर्यटन प्रकल्पांविषयीच वाद संभवतो, तेथे लोकांना हरकतीची पद्धत शिकविण्यासाठी कंपनी निधी देईल ही अपेक्षा मर्यादितच ठेवावी लागते.

(ई) आंतरराष्ट्रीय व परकीय निधी : या किनाऱ्याला मोठे अनुदान मिळालेच नाही असे नाही. जागतिक पर्यावरण सुविधेच्या सुमारे ३४ लाख डॉलर अनुदानातून सिंधुदुर्ग किनाऱ्यावर सागरी जैवविविधतेचा प्रकल्प गेल्या दशकात राबविला गेला. हरित हवामान निधीच्या २०१९ पासूनच्या प्रकल्पातही या जिल्ह्याचा समावेश आहे. या प्रकल्पांचा मुख्य भर संवर्धन आणि पूरक उपजीविकेवर होता व आहे. खाजगी परकीय निधीबाबत २०१० चा अधिनियम व त्यातील २०२० ची सुधारणा निर्णायक ठरली : एका संस्थेने मिळविलेला निधी दुसऱ्या संस्थेला देण्यास मनाई झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. तालुका पातळीवरील लहान संस्था मोठ्या संस्थेमार्फत अनुदान घेत असत. तो मार्ग बंद झाला. विधी शिक्षणात प्रमुख खर्च मनुष्यबळाचा असल्याने दुसरी मर्यादाही येथे जाचक होऊ शकते.

उत्तर कन्नड जिल्ह्याचा अनुभव बोधप्रद आहे. दिल्लीचे सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च आणि 'नमती' ही संस्था यांच्या २०१२ पासूनच्या संयुक्त उपक्रमात तेथील स्थानिक कार्यकर्त्यांना किनारा नियमनाचे प्रशिक्षण देऊन, खटल्याऐवजी प्रशासनाकडे पुराव्यानिशी पाठपुरावा करण्याची पद्धत विकसित झाली. या सेंटरची परकीय योगदानाची नोंदणी जानेवारी २०२४ मध्ये रद्द झाली. या निर्णयाच्या गुणदोषांत न जाता एवढेच नोंदवावेसे वाटते, की एकाच स्रोतावर अवलंबून असलेले काम त्या स्रोताबरोबरच अडचणीत येते.

७. महाविद्यालयांचे स्थान : मनुभाई वाशी प्रकरण

अनुदान आणि न्यायसुलभता यांचा थेट संबंध जोडणारा महत्त्वाचा निर्णय महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणात झाला. खाजगी विधी महाविद्यालयांना शासन अन्य विद्याशाखांप्रमाणे सहायक अनुदान देत नव्हते. महाराष्ट्र राज्य विरुद्ध मनुभाई प्रागजी वाशी (१९९५) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा भेदभाव अमान्य केला. न्यायालयाची विचारसरणी अशी : मोफत विधी सहाय्य हे अनुच्छेद २१ व ३९-अ यांतून येणारे कर्तव्य आहे, त्यासाठी पुरेसे व सुशिक्षित वकील हवेत, असे वकील घडविणारी महाविद्यालये निधीअभावी दुबळी राहिली तर सहाय्याचे आश्वासन पोकळ ठरते, म्हणून मान्यताप्राप्त खाजगी विधी महाविद्यालयांना अन्य शाखांच्याच निकषांवर अनुदान देणे भाग आहे. येथे शिक्षणाचे अनुदान न्यायाच्या हक्काचा भाग ठरले.

या युक्तिवादाचा विस्तार लोककेंद्री विधी शिक्षणापर्यंत करता येतो. वकील घडविणे जर न्यायसुलभतेचे अंग असेल, तर पक्षकाराला सजग करणे हेही तिचेच अंग आहे. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी प्रत्येक विधी महाविद्यालयात विधी सहाय्य केंद्र अनिवार्य केले आहे. विधी शाखा नसलेल्या महाविद्यालयांतही राष्ट्रीय सेवा योजना, राज्यशास्त्र, वाणिज्य व ग्रामीण विकास यांचे विभाग आहेत. महाविद्यालयाकडे तीन गोष्टी आधीच असतात : जागा, दरवर्षी नव्याने येणारे विद्यार्थी आणि लेखापरीक्षित हिशेबाची सवय. शिवाय किनारी गावांतील मुलेमुली त्याच वर्गात बसलेली असतात. अधिसूचनेतील भाषा घरच्या मालवणीत सांगण्याचे काम त्यांच्याइतके चांगले कोणी करू शकणार नाही.

८. अन्य देशांतील दोन नमुने :

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १९६९ मध्ये स्थापन झालेले लॉ फाउंडेशन वकिलांकडील पक्षकारांच्या सामायिक विश्वस्त खात्यांवर मिळणाऱ्या व्याजातून विधी सहाय्य, विधी शिक्षण, संशोधन व ग्रंथालये यांना अनुदान देते. इंग्लंडमध्ये कॉलेज ऑफ लॉ या संस्थेचा अध्यापन-व्यवसाय २०१२ मध्ये विकला गेला आणि त्यातून उभ्या राहिलेल्या सुमारे २० कोटी पौंडांच्या निधीवर लीगल एज्युकेशन फाउंडेशन हे अनुदान देणारे प्रतिष्ठान चालते. दोन्ही नमुने जसेच्या तसे येथे आणता येणार नाहीत. मात्र त्यांतील सूत्र घेण्यासारखे आहे : मुद्दल अखंड, उत्पन्न आवर्ती, आणि अनुदान देणारे मंडळ ज्यांच्याशी वाद संभवतो त्यांच्यापासून स्वतंत्र.

९. सूचना :

१) तालुका पातळीवर लहान अक्षयनिधी उभारावा. मच्छीमार संस्था, देवस्थाने, चाकरमान्यांची मंडळे व माजी विद्यार्थी असे अनेक दाते असावेत. कोणा एकाचा वाटा एक-तृतीयांशाहून अधिक नसावा.
२) अनुदानाची मुदत किमान तीन वर्षांची असावी आणि माहितीपत्रकांच्या वार्षिक दुरुस्तीसाठी त्यात स्वतंत्र तरतूद असावी.
३) माहिती व प्रतिनिधित्व यांचे हिशेब वेगळे ठेवावेत. प्रतिनिधित्वासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज पाठवावेत. ही समिती तालुक्यातील ज्येष्ठ न्यायिक अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली काम करते.
४) मार्गदर्शनाची वेळ लोकांच्या कामाशी जुळावी. जून-जुलैमधील मासेमारी बंदीचा काळ पुरुषांसाठी, तर लिलाव संपल्यानंतरची वेळ मच्छी विक्रेत्या महिलांसाठी सोयीची ठरेल.
५) मूल्यमापन मेळाव्यांच्या व उपस्थितांच्या संख्येवर करू नये. किती अर्ज मुदतीत दाखल झाले, किती वारसनोंदी झाल्या, किती हरकतींना लेखी उत्तर मिळाले, हे मोजावे.
६) जिल्हा विधी सहाय्य निधीस देणगी देण्याच्या मार्गाची प्रसिद्धी व्हावी.

१०. निष्कर्ष :

मालवण किनारपट्टीवर कायद्यांची उणीव नाही. उलट ते बरेच आहेत व वेगाने बदलत आहेत. विधी सहाय्याची यंत्रणाही आहे. उणीव आहे ती या दोहोंपर्यंत नागरिकाला वेळेत पोहोचविणाऱ्या सातत्यपूर्ण शिक्षणाची, आणि त्या शिक्षणाला आधार देणाऱ्या निधीची. शासकीय निधी अल्प आहे, कंपन्यांच्या निधीला हितसंबंधांची मर्यादा आहे, परकीय निधीचा मार्ग अरुंद झाला आहे आणि न्यासांच्या निधीला वर्गीकरणाची अडचण आहे. यांपैकी एकही स्रोत त्याज्य नाही, परंतु एकही पुरेसा नाही. म्हणून अनेक लहान स्रोतांतून उभा राहिलेला, स्थानिक नियंत्रणाखालील आणि महाविद्यालयाच्या आधाराने चालणारा निधी हा व्यवहार्य पर्याय दिसतो.

हरकतीची मुदत तीस दिवसांची असते. ती उलटल्यावर दिलेले उत्तम व्याख्यान केवळ माहितीत भर घालते, हक्क परत मिळवून देत नाही. रापण ओढणाऱ्या कुटुंबाला आपला अर्ज कोणत्या टेबलावर द्यावयाचा हे त्या तीस दिवसांत सांगणारे कोणी तरी गावात असावे, एवढीच या साऱ्या अनुदानव्यवस्थेकडून अपेक्षा आहे. आणि तीत महाविद्यालयीन अध्यापकांचा वाटा निश्चितच मोठा असू शकतो.